एकेचाळिसावा खोका

घर बघून किती खोके लागतील ते सांगणं, हे माझं काम. घरं हलवून देणाऱ्या एका कंपनीत मी चौतीस वर्षं तेच करतोय. फोन आला की सामान हलवायच्या आठवडाभर आधी मी जातो, खोल्यांतून फिरतो, कपाटं उघडतो, पलंगाखाली वाकून बघतो आणि सांगतो, बासष्ट खोके, मधला ट्रक, चार माणसं. खोक्यांच्या आकड्यात माझी चूक दोन-तीनपेक्षा जास्त होत नाही. ट्रकच्या बाबतीत मात्र मी भित्रा आहे. काही मागे राहायला नको म्हणून नेहमी एक माप मोठा सांगतो. आमचा ड्रायव्हर माझ्याच वयाचा आहे. अर्धा रिकामा ट्रक बघून तो दर वेळी विचारतो, वरच्या मजल्यावरच्यांनाही घेऊन जायचं का.

माझी बायको गोष्टी लिहायची. खरं सांगायचं तर गोष्टींच्या सुरुवाती लिहायची. डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर ती कामाला होती. सात वर्षांपूर्वी तिनं वाचनालयातल्या लिहिणाऱ्यांच्या गटात नाव घातलं. शनिवारी संध्याकाळी सात-आठ जण जमायचे. गट चालवतात त्या निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना सगळे बाई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

बाईंचं एक म्हणणं होतं. तुम्हाला लिहिता येतं, पण हातात घेतलेली गोष्ट केवढी आहे ते कळत नाही. एक जण हरवलेल्या छत्रीवर दोनशे पानं लिहायला बसतो, दुसरा तीन पिढ्या दोन पानांत कोंबतो, आणि दोघंही मध्येच दमतात. त्यावर बाईंनी रोजचा एक सराव लावून दिला होता. सकाळी उठून काहीही एक घ्यायचं, डोळ्यासमोर आलेलं, आणि त्याच्या गोष्टीच्या पहिल्या पाच ओळी लिहायच्या. पुढे जायचं नाही. खाली अंदाज मांडायचा : माणसं किती, वेळ किती, जागा किती, पानं किती. रविवारी त्या आठवड्यातली एक सुरुवात निवडून ती शेवटापर्यंत लिहायची आणि खरी पानं अंदाजाच्या शेजारी लाल शाईनं मांडायची.

पहिल्या शनिवारी घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा मी हसलो. म्हटलं, हे तर माझंच काम झालं. ती म्हणाली, म्हणून तर तुम्हाला सांगतेय.

त्यानंतर सहा वर्षं रोज सकाळी मी चहा घ्यायला स्वयंपाकघरात आलो की ती टेबलाशी बसलेली असायची. पाच ओळी वाचून दाखवायची आणि विचारायची, "बोला, किती खोके?" मी तोंडाला येईल तो आकडा सांगायचो. पण तिनं माझ्याकडून काही गोष्टी खरंच उचलल्या. मी तिला सांगितलं होतं की बाहेरची खोली दिसायला भरगच्च असते पण पाच खोक्यांत आटपते, आणि स्वयंपाकघर एवढंसं असून वीस खोके खातं. मग ती एखादी सुरुवात वाचून म्हणायची, "ही नुसती बाहेरची खोली आहे. दोन पानं." किंवा, "यात स्वयंपाकघर आहे हो, मला झेपायचं नाही."

अकरा महिन्यांपूर्वी ती गेली. ताप आला, तो रक्तात उतरला, नऊ दिवस लागले. यावर मला जास्त लिहिता येत नाही.

दुसऱ्यांची घरं मी तासाभरात मोजतो. माझ्या घरात मी काहीच हलवलं नाही. तिचा कप हुकाला, चपला दाराआड, चष्मा स्वयंपाकघराच्या खिडकीत, सगळं होतं तिथे राहिलं. मुलगी दुसऱ्या शहरात असते. ती दर रविवारी फोन करायची आणि शेवटी हळूच विचारायची की आईचं कपाट आवरायला येऊ का. मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात बघू.

असंच चाललं होतं तेव्हा एका सकाळी बाई घरी आल्या. गटाचं छोटं पुस्तक निघणार होतं. आठ जणांच्या आठ गोष्टी. आमच्या हिचं लिखाण सहा वर्षांत कुठे छापून आलं नव्हतं. अनुक्रमणिकेत आपलं नाव एकदा बघायचंय, असं ती म्हणायची. पुस्तकाचं तिला फारसं नव्हतं, अनुक्रमणिकेचं होतं. बाईंनी तिच्या रविवारच्या गोष्टी मागितल्या. मी वह्या काढून दिल्या. त्या बराच वेळ चाळत बसल्या. मग शेवटची वही उघडून त्यांनी शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. ताप यायच्या आदल्या दिवशीचं होतं.

"दुपारी साडेतीनला दार वाजलं. मी उघडलं तर वही घेतलेला एक माणूस, कानावर पेन्सिल. म्हणाला, घाबरू नका, मी फक्त मोजायला आलोय. आतल्या खोलीत आई रडत होती. आमच्या घरात सगळ्यात जड काय होतं ते त्याला दिसलं नाही."

खाली अंदाज होता. माणसं : दोन, आणि एक आत. वेळ : एक दुपार. जागा : तीन खोल्या. पानं : चार.

तो माणूस म्हणजे मी. आमची पहिली भेट तशी झाली होती.

बाई म्हणाल्या, बाकीच्या गोष्टी सराव म्हणून चांगल्या आहेत, पण छापावी अशी त्यात एकही नाही. यायला हवी ती ही. चार पानं मी राखून ठेवलीत. ही तुम्ही पूर्ण करा.

"बाई, मी याद्या करणारा माणूस."

"मग चार पानांची करा. त्या घरात काय झालं ते दुसऱ्या कुणाला माहीत आहे का?"

मी विचारलं, नाहीच जमलं तर. त्या म्हणाल्या, छापखान्याला पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला सगळं द्यायचंय. नाही जमलं तर पुस्तक तिला अर्पण करू. पहिल्या पानावर तिचं नाव येईल.

पण अनुक्रमणिकेत येणार नव्हतं. बाईंना ते माहीत होतं, मलाही.

दुसऱ्या दिवसापासून मी बसलो. तिच्याच टेबलाशी, तिच्याच खुर्चीत. दोन दिवसांनी मी माझ्या चष्म्यावर बसलो आणि त्याची काडी मोडली. दुकानात जाईपर्यंत म्हणून तिचा लावला. आमचे दोघांचे नंबर तिनं एकाच दिवशी तपासून घेतले होते आणि ते जवळजवळ सारखे निघाले होते. उजव्या डोळ्याला जरा ताण यायचा, एवढंच. दुकानात जायचं राहूनच गेलं.

तीन आठवड्यांत माझी एकाहत्तर पानं झाली. त्यात सगळं होतं. आमचं लग्न, पहिलं भाड्याचं घर, मुलीचा जन्म, तिची शाळा, आमची तीन घरं आणि प्रत्येक घरातलं सामान, दवाखान्यातली हिची नोकरी, आम्ही केलेले दोन प्रवास, एक भांडण. ती पहिली दुपार अर्ध्या पानात उरकली होती. सगळ्यात जड काय, तर लोखंडी कपाट, असं मी लिहिलं होतं. तसं ते होतंही. सहा माणसं लागली होती. एकाहत्तराव्या पानावर मी तिच्या शेवटच्या आजारपणातल्या दवाखान्याच्या दारापर्यंत आलो आणि पुढे मला लिहिता येईना.

त्या रविवारी मी मुलीला फोनवर थोडं वाचून दाखवलं. कुठलीही दहा पानं. मग तिनं विचारलं, "बाबा, आईला कपाट म्हणायचं होतं असं वाटतं तुम्हाला?"

मी म्हटलं, दुसरं काय असणार.

"मला नाही माहीत. पण यात आई कुठेय? सगळं सामान आहे."

मला राग आला. फोन ठेवल्यावर मी पानं पुन्हा वाचली. तिचं खरं होतं.

शनिवारी मी सगळा गठ्ठा पिशवीत घालून वाचनालयात गेलो. गट सुटल्यावर बाईंपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला नाही. आधी हातावर घेऊन त्याचं वजन बघितलं.

"तिनं किती सांगितली होती?"

"चार."

"आणि हे काय आणलंत?"

मी खरं ते सांगितलं, की काही मागे राहायला नको म्हणून ट्रक मोठा घेतला. बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. मग गंभीर होऊन म्हणाल्या, हे ठेवून द्या, फेकू नका, पण याला हात लावू नका. वीस तारखेला अजून सतरा दिवस आहेत. त्यातले पंधरा दिवस रोज सकाळी पाच ओळी लिहा, तिच्यासारख्या. स्वतःबद्दल नाही, तिच्याबद्दलही नाही. पाच ओळी आणि अंदाज.

मला वाटलं वेळ फुकट जाणार. पण दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून केलं.

पहिल्याच दिवशी मी एका म्हाताऱ्या बाईबद्दल लिहिलं. मी त्यांचं घर नुकतंच मोजून आलो होतो. त्या नऊ रिकाम्या बरण्या टाकायला तयार नव्हत्या आणि मुलगा त्या नेऊ द्यायला तयार नव्हता. माणसं चार, वेळ दोन दिवस, पानं बारा, असा मी अंदाज लिहिला. तो दिवस रविवारचाच होता, म्हणून लगेच तीच पूर्ण करायला घेतली आणि ती दीड पानात संपली. सून म्हणाली, यातली एक मला हवीय. म्हातारी म्हणाली, मग बाकीच्या टाका. पुढे लिहिण्यासारखं काही उरलंच नाही. मी पाणी घालून ती तीन पानांपर्यंत ओढली आणि पुन्हा दीडवर आणली.

पुढच्या आठवड्यात लिफ्टमध्ये अडकलेल्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याबद्दल लिहिलं. एक माणूस, एक पेटी, म्हटलं एक पान पुरे. रविवारी लिहायला बसलो तर नऊ पानं झाली तरी तो बाहेर येईना. चूक माझीच होती. दुसऱ्या ओळीत मी लिहून बसलो होतो की याचा भाऊ वरच्या मजल्यावर राहतो आणि दोघं चार वर्षं बोलत नाहीत. एवढं एका वाक्यात लिहिलं की झालं, आता त्या भावाला खाली आणल्याशिवाय सुटका नाही.

पेन घेऊन डोकं खाजवत बसलो तेव्हा हळूहळू मला एक गोष्ट दिसायला लागली. पानं माणसांवर ठरत नाहीत आणि वर्षांवरही ठरत नाहीत. कुणाचं काय अडलंय आणि ते कुठे सुटतं, एवढ्यावर ठरतात. अडलं तिथे गोष्टीत शिरायचं, सुटलं तिथे बाहेर पडायचं. आमच्या कामात आम्ही हेच करतो. या दारातून काढायचं, त्या दारात ठेवायचं. मधल्या रस्त्यात लागलेली दुकानं कुणी मोजत नाही. एकाहत्तर पानांत मी सगळी दुकानं मोजली होती.

पंधरा तारखेच्या आसपास मला हिच्या जुन्या वह्या बघाव्याशा वाटल्या. गोष्टी वाचायला नाही, आकडे बघायला. अंदाज निळ्या शाईत, खरी पानं लाल शाईत. माझ्या कामाच्या सवयीनं मी पहिल्या वहीपासून ओळीनं बघत गेलो. पहिल्या वर्षी सगळा गोंधळ होता. अंदाज दोन, खरी सतरा. अंदाज दहा, खरी अडीच. दुसऱ्या वर्षी जरा सावरली. तिसऱ्या वर्षापासून मात्र आकडे बसायला लागले, आणि त्यांच्यात एक गंमत होती. अंदाज तीन, खरी चार. अंदाज सहा, खरी सात. अंदाज दोन, खरी तीन. रविवारमागून रविवार एक पान जास्त. एका ठिकाणी तिनं लाल शाईत बारीक अक्षरात लिहिलं होतं, "शेवटचा खोका पुन्हा विसरले. अहोंना कळता कामा नये."

मी एकटाच त्या स्वयंपाकघरात मोठ्यानं हसलो. किती दिवसांनी, ते सांगता येणार नाही.

शेवटचा खोका हा माझा शब्द. घरातलं सगळं सामान बांधून होतं, तरी काही वस्तू अगदी निघायच्या क्षणापर्यंत वापरात असतात. टॉवेल, औषधं, चहाचं पातेलं, दाढीचं सामान, कुणाचा चष्मा. त्या कपाटात नसतात, म्हणून मोजणाऱ्याला दिसत नाहीत आणि घरचेही दाखवत नाहीत. त्यांच्यासाठी एक खोका आपणहून धरावा लागतो. आमच्याकडे नवीन कुणी कामाला लागलं की मी पहिल्या दिवशी हे सांगतो. पण मी ते कुठे शिकलो, हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. वही पुढ्यात उघडी ठेवून मी बसलो आणि मला ती दुपार आठवली. एकाहत्तर पानांत जी मी अर्ध्या पानात उरकली होती, ती.

मी चोवीस वर्षांचा होतो, नोकरीला तिसरा महिना. दार एका मुलीनं उघडलं. तिची आई आतल्या खोलीत रडत होती. घर सोडताना बायका रडतात हे मी तोवर पाहिलं होतं, म्हणून काही विचारलं नाही. मी तिन्ही खोल्या फिरलो, ती माझ्यामागून फिरली. मोरीतल्या फळीवर वस्तरा, ब्रश आणि साबणाची वाटी होती. खिडकीत चष्मा होता, घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर. दाराआड पुरुषाच्या चपला होत्या. चाळीस खोके, असं मी वहीत लिहिलं. तिनं खिडकीतल्या चष्म्याकडे बोट दाखवून विचारलं, आणि हे? मी अगदी हसून सांगितलं, ते रोजच्या वापरातलं, ते ज्याचं त्याच्याकडे राहू द्या. वर विचारलं, वडील घरी कधी असतात, कागदावर त्यांची सही लागेल.

"मीच करते सही," ती म्हणाली, आणि केली.

तिचे वडील, नाना म्हणायची ती त्यांना, दोन महिन्यांपूर्वी गेले होते. त्यांच्या वस्तू दोघींनी होत्या तिथेच ठेवल्या होत्या.

बत्तीस वर्षांच्या संसारात तिनं ही गोष्ट मला एकदाही ऐकवली नाही. भांडणातसुद्धा नाही. मी ती आतल्या आत दाबून ठेवली होती, इतकी की स्वतःच्या हातानं लिहिताना लोखंडी कपाट लिहून मोकळा झालो. आणि ती वहीतल्या शेवटच्या सकाळी त्याच दाराशी जाऊन उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या पाच ओळींच्या खाली लिहायला सुरुवात केली. तेव्हा आणखी एक चूक लक्षात आली. तिच्या ओळीत दार ती उघडते. मी आजवर बाहेर उभा राहून लिहीत होतो. मी आत गेलो. दारात उभ्या असलेल्या त्या पोराकडे तिच्या जागेवरून बघितलं. कानावर पेन्सिल, बुटांना माती, आणि सगळं कळल्यासारखा चेहरा. त्याच्यामागून खोल्या फिरलो. प्रत्येक खोलीत मला वाटत राहिलं की आता हा बघेल, आता विचारेल. त्यानं विचारलं नाही. त्यानं सही मागितली तेव्हा आतलं आईचं रडणं थांबलं, हे मला लिहिताना आठवलं. तेव्हा मी ते ऐकलं होतं आणि बरं झालं थांबल्या, असं मला वाटलं होतं. तिनं सही केली, दार लावून घेतलं. बरोबर चार पानं झाली. चौथ्याच्या तळाशी.

अंदाज चोख होता. पण तिचं जे अडलं होतं ते सुटलं नव्हतं. मुलगी दाराआड उभी होती आणि चष्मा खिडकीतच होता.

मग मी पाचवं पान घेतलं. आठवड्यानंतरची सकाळ. चाळीस खोके ट्रकमध्ये चढले. सगळ्यांत शेवटी ती खाली आली. हातात बुटांचा खोका, सुतळीनं बांधलेला. मी घ्यायला पुढे झालो तर तिनं दिला नाही. म्हणाली, हा तुमच्या चाळिसांत नाही. मी विचारलं यात काय आहे. ती म्हणाली, नानांचं वापरातलं. सामान हलवायला आलेले तिचे मामा बाजूलाच उभे होते. त्यांनी हळू आवाजात मला काय ते सांगितलं.

मला कुठे बघावं कळेना. चूक झाली, एवढंच मी म्हणू शकलो. मोजायला हवं होतं.

"मग आता मोजा," ती म्हणाली.

मी कानावरची पेन्सिल काढली, वहीतला चाळीस खोडला आणि एकेचाळीस लिहिलं. लिहून होईपर्यंत ती माझ्या हाताकडे बघत होती. मग तिनं तो खोका माझ्या हातात दिला. तिथे मी थांबलो. पाचवं पान पुरं भरलंही नाही.

अठरा तारखेला मी ते बाईंकडे नेलं. त्यांनी वाचलं, मग चष्मा काढून पुसला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी समोर बसून टेबलावरच्या टाचण्या मोजत होतो.

"पाच झाली," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं हो, आणि जागा चारचीच आहे तेही माहीत आहे. अक्षर बारीक करता येईल का, नाहीतर कुठेतरी कापतो. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाल्या, कापा. मी पेन घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत गेलो. मोरीतला वस्तरा काढून बघितला, बुटांची माती काढून बघितली. प्रत्येक वेळी परत घातली. शेवटी पेन खाली ठेवलं.

बाईंनी खणातून छापखान्याची फाइल काढली. तिच्यातलं सगळ्यात पहिलं पान उपसून त्यांनी बाजूला ठेवलं. वर लिहिलं होतं, "मनोगत". त्यांचं स्वतःचं होतं.

"अहो, ते कशाला?"

"मनोगत कोण वाचतं? मीसुद्धा दुसऱ्यांचं वाचत नाही." मग म्हणाल्या, "शिवाय त्यात मी लिहिलंय की या गटानं पानांचा अंदाज घ्यायला शिकावं. ते आता मला छापायला नको."

खाली नाव कुणाचं घालायचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिचं. त्या म्हणाल्या, शेवटी बारीक अक्षरात "पूर्ण केली : तिच्या नवऱ्यानं" एवढं टाकते, खोटं नको. मी बरं म्हटलं. उठताना त्यांनी विचारलं, शनिवारी येणार ना. तिची खुर्ची रिकामी आहे म्हणून नाही, लिफ्टमधला तो माणूस बाहेर आला का ते सगळ्यांना ऐकायचंय. मी त्या शनिवारी गेलो. तो अजून आतच होता. त्यावर गटातल्या एकानं सुचवलं की भावाला खाली आणण्यापेक्षा वीज घालवा. मला ते पटलं नाही, आम्ही अर्धा तास वाद घातला.

पुस्तक आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुलीला फोन केला आणि आपणहून म्हटलं, ये, कपाट आवरू. ती शनिवारी सकाळी आली. बॅग खाली ठेवायच्या आधी तिनं पुस्तक मागितलं. अनुक्रमणिका काढली आणि आईच्या नावावर बोट ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग स्वयंपाकघरात बसून पाचही पानं वाचली. मी तोवर चहा केला. वाचून झाल्यावर ती उठली. तिनं आईच्या कपातून चहा घेतला. हुकावरचा कप अकरा महिन्यांनी खाली आला होता.

दुपारी आम्ही कपाट उघडलं. तिनं विचारलं किती होतील. मी कपाटात न डोकावता सांगितलं, अकरा. संध्याकाळपर्यंत अकरा झाले. चपलाही त्यात गेल्या. आईच्या वह्या बाहेरच राहिल्या, त्यातले निळे आणि लाल आकडे मी तिला दाखवले. मग ती घरभर एक फेरी मारून स्वयंपाकघरात आली. टेबलावर माझी वही उघडी होती आणि वहीवर चष्मा होता. तो तिनं उचलला.

"आणि हा?"

"तो वापरातला आहे," मी म्हणालो. "मी लावतो."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग काचा ओढणीनं पुसून तो परत वहीवर ठेवला. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, आज सकाळी काय लिहिलंत ते वाचा. मी चष्मा लावून पाच ओळी वाचल्या. एक ड्रायव्हर असतो, ज्याला रिकामा ट्रक चालवायचा कंटाळा आलेला असतो.

"किती पानं?" तिनं विचारलं.

"तीन."

"म्हणजे चार," ती म्हणाली, आणि माझ्या हातातलं पेन घेऊन तिनं ते शेजारी लिहून टाकलं.